पिवळं प्रश्नचिन्ह आणि जामीनदार

मी पुण्यात एका कंपनीचं नेटवर्क सांभाळते. म्हणजे नेमकं काय करते, हे माहेरी मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. तिकडे सगळ्यांच्या लेखी मी "कॉम्प्युटरमधली". त्यामुळे दिवाळीला किंवा पंचमीला शिराळ्याला गेलं की प्रिंटर, मोबाईल, झालंच तर टीव्हीचा रिमोट, सगळं माझ्यापुढे येऊन पडतं. (हो, तेच शिराळा. नागपंचमीचं, बत्तीस शिराळा.)

गेल्या काही वर्षांत मात्र प्रिंटर मागे पडला आणि वेगळ्याच तक्रारी यायला लागल्या. "साइट उघडंना, लाल कायतरी येतंय." "डोंगल घेत न्हाई." "सहीवर प्रश्नचिन्ह आलंय." वरवर बघता ही तीन वेगळी दुखणी. पण नाडी बघितली तर दुखणं एकच. समोरचा जो म्हणतोय की मी अमुक, तो खरंच अमुक आहे का, आणि हे कुणाच्या शब्दावर मानायचं?

तर मंडळी, आज त्याबद्दल. तांत्रिक आहे म्हणून पान बंद करू नका. माझ्या मामीला समजलंय, तुम्हाला समजेलच. (मामी हे वाचते, म्हणून जरा हळू आवाजात लिहिलंय.)

सोसायटीचं कर्ज काढलेल्या माणसाला डिजिटल सर्टिफिकेट समजायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे. कर्ज मागणाऱ्याला सोसायटी ओळखत नसेल तर ती जामीनदार मागते. जामीनदारालाही ओळखत नसेल तर त्याला ओळखणारा कुणीतरी लागतो. असं वर वर जात शेवटी एक माणूस असा येतो की ज्याला सगळं गाव ओळखतं. त्याला जामीन कोण, असं कुणी विचारत नाही. तिथे साखळी थांबते. इंटरनेटवर हेच चालतं. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा ती आपलं सर्टिफिकेट दाखवते. त्यावर एका संस्थेची सही असते, त्या संस्थेवर आणखी वरच्या संस्थेची. सगळ्यात वर जे असतं त्याला रूट सर्टिफिकेट म्हणतात, आणि गंमत अशी की त्यावर त्याची स्वतःचीच सही असते. स्वतःच स्वतःला जामीन! मग ते खरं कशावरून? तर तुमच्या ब्राउजरने किंवा विंडोजने आधीच एक यादी करून ठेवलेली असते, की या इतक्या जणांना आम्ही ओळखतो. तुम्ही कॉम्प्युटर विकत घेता तेव्हा ही यादी त्यात आयती येते. आपण तिच्याकडे कधी बघतसुद्धा नाही.

ही साखळी कुठेही तुटली की लाल पान येतं. आणि ती किती साध्या कारणाने तुटावी? आमच्या चुलतभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे, सोबत ऑनलाइन फॉर्म वगैरे भरून देतो. एका सकाळी त्याच्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडेना. सरकारी नाही, बँकेची नाही, ईमेल नाही. कुणी व्हायरस म्हणालं, कुणी विंडोज नव्याने टाकायचा सल्ला दिला. मला फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते?" तो थांबला आणि म्हणाला, "अगं, हे पाच-सहा वर्षं मागं गेलंय."

मदरबोर्डवर एक बटणासारखा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला आणि रात्री वीज गेली की कॉम्प्युटर सकाळी मागच्याच कुठल्यातरी तारखेला जागा होतो. प्रत्येक सर्टिफिकेटला या तारखेपासून त्या तारखेपर्यंत अशी मुदत असते. मागे गेलेल्या कॉम्प्युटरला आजची सगळी सर्टिफिकेटं अजून जन्मायचीच आहेत असं वाटतं, म्हणून तो एकालाही आत घेत नाही. घड्याळवाल्याकडे मिळणारा तो एवढासा सेल बदलला आणि दुकान सुरू झालं. बिचारा कॉम्प्युटर त्याच्या परीने बरोबरच वागत होता.

हे झालं सोपं दुखणं. आता अवघड.

आमचे थोरले चुलते, अण्णा, यांना ठिबकसाठी कर्ज हवं होतं. सातबारा लागणार. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. १५ रुपये भरले की घरबसल्या उतरवून घेता येतो. दादाने तो काढून दिला, अण्णा प्रिंट घेऊन एका बँकेत गेले आणि तासाभरात परत आले. कागद माझ्यापुढे टाकून म्हणाले, "पोरी, हे काय पिवळं आलंय? सायेब म्हणतोय, सहीवर प्रश्न हाय, चालायचा न्हाई. म्हटलं, जमीन माझ्या आज्यापासनं हाय, आन् आता प्रश्न?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे चिन्ह बघितलं असेल, सातबाऱ्यावर किंवा आधारच्या पीडीएफवर. सहीच्या जागी मोठं पिवळं प्रश्नचिन्ह आणि "सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड". त्याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. खोटी किंवा मोडलेली असती तर लाल फुली आली असती. प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच की पीडीएफ उघडणारा प्रोग्राम म्हणतोय, "सही आहे, पण सही करणाऱ्याला जामीन राहणारा माझ्या यादीत नाही. मी ओळखत नाही." परगावचा पोस्टमन जसा दारात उभा राहून "हे इथंच राहतात का?" विचारतो, तसं.

यावर बाजारात एक रामबाण उपाय आहे. फाइल कॉम्प्युटरवर उघडायची, सहीवर क्लिक करायचं, सर्टिफिकेट दाखव म्हणायचं, "ट्रस्ट"च्या टॅबमध्ये जाऊन याच्यावर विश्वास ठेव असं सांगायचं आणि पुन्हा तपासायला लावायचं. प्रश्नचिन्ह जातं, हिरवी टिक येते. "टिक मारून मिळेल" हे आता झेरॉक्स, लॅमिनेशनसारखंच एक काम झालंय. दादाने मला तेच विचारलं, "ताई, टिक मारू का? पाच मिनिटांत अण्णा परत बँकेत."

मी थांबवलं. आणि का थांबवलं, हे सांगायलाच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

आपण एखादी गोष्ट पक्की झाली की म्हणतो, शिक्कामोर्तब झालं. हे मुळात दोन शब्द आहेत. जुन्या मराठी पत्रांत वरच्या बाजूला शिक्का असायचा, तो सांगायचा की पत्र कुणाचं. मजकूर संपला की खाली मोर्तब उठवायचे, ते सांगायचं की मजकूर इथे संपला. त्याच्या पुढे कुणी एखादी सोयीची ओळ घुसडली तर ती उघडी पडायची. डिजिटल सही नेमकी हीच दोन कामं करते. फाइलमधल्या प्रत्येक अक्षराचा आणि आकड्याचा हिशोब करून एक ठसा काढला जातो. त्या ठशावर अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने सही होते. गट नंबरातला एक आकडा बदला, ठसा पार वेगळा येतो आणि मोर्तब मोडतं. किल्ली कुणाची, हे सर्टिफिकेट सांगतं. तो शिक्का.

आता टिक मारणारा काय करतो? मोर्तब शाबूत आहे का, हे प्रोग्राम स्वतः तपासतो, त्यात माणसाचा हात नाही. पण शिक्का खरा का, हा प्रश्न मात्र टिक मारणारा न बघताच "खरा" म्हणून निकालात काढतो. उद्या कुणी घरच्या घरी एक सर्टिफिकेट बनवलं, त्यावर एखाद्या अधिकाऱ्याचं नाव घातलं आणि खोट्या सातबाऱ्यावर सही केली, तर त्याच्यावरही आधी असंच पिवळं प्रश्नचिन्ह येईल. आणि त्याच चार क्लिकनंतर तीच हिरवी टिक येईल. म्हणजे ती टिक सरकारची नाहीच. ती दादाने दादाच्या कॉम्प्युटरवर स्वतःला दिलेली आहे. तिचा प्रिंट काढून बँकेत नेला तर बँकेला कळतं काय? एवढंच, की शिराळ्यातल्या एका झेरॉक्सवाल्याचा यावर विश्वास आहे.

मग करायचं काय? दोन गोष्टी आहेत आणि मी दादाला दोन्ही करून दाखवल्या.

पहिली कॉम्प्युटरवरची. सर्टिफिकेट उघडलं की साखळी दिसते. खाली सही करणारा, मध्ये परवाना असलेली संस्था आणि सगळ्यात वर "सीसीए इंडिया". सीसीए म्हणजे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज, आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधून आलेलं पद. भारतात डिजिटल सह्या देणाऱ्या सगळ्या संस्थांचा हा शेवटचा जामीनदार. विश्वास ठेवायचा तर खालच्या माणसावर नाही, या वरच्यावर. तोही फाइलमध्ये आलाय म्हणून नाही. सीसीएच्या साइटवरून मूळ सर्टिफिकेट वेगळं उतरवून घ्यायचं, दोन्हींचे ठसे समोरासमोर ठेवायचे आणि अक्षरन् अक्षर ताडून बघायचे. जुळले तर हो म्हणायचं. हे एकदाच करावं लागतं. त्यानंतर या जामीनदाराखालची खरी सही आपोआप हिरवी होते, आणि बनावट आली तर प्रश्नचिन्ह तसंच राहतं. आता ते प्रश्नचिन्ह कामाचं! दादाला हे इतकं आवडलं की त्याने ते दोन ठसे माझ्यासमोर बोट ठेवून मोठ्याने वाचले, भिशीचे नंबर वाचावेत तसे.

दुसरी गोष्ट कागदाची. डिजिटल सही फाइलमध्ये असते, प्रिंटमध्ये नाही. प्रिंटमध्ये उरतं ते सहीचं चित्र. चित्रातलं प्रश्नचिन्हही शाई आणि टिकही शाई. कागदावरून खरं-खोटं करायचं असेल तर डिजिटल सातबाऱ्यावर क्यूआर कोड असतो आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो सरकारी साइटवर घातला की मूळ उतारा समोर येतो. मी तो आकडा लाल पेनने अधोरेखित केला आणि अण्णांना म्हटलं, "सायबांना सांगा, चिन्हाकडे बघू नका, हा नंबर घालून बघा." साहेबांनी घातला. स्क्रीनवरचा उतारा आणि हातातला उतारा एक निघाला. कागद जमा झाला. अण्णा घरी येऊन फक्त "झालं" म्हणाले. पण त्या दिवसापासून वाड्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते तो नंबर दाखवतात.

साहेबांची बाजूही बघा. त्यांनी प्रश्नचिन्ह बघून थांबायला हवं होतंच, ते थांबले. फक्त पुढचं पाऊल कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. आणि हिरवी टिक असलेला कागद मात्र ते न थांबता घेत असणार, ही खरी काळजीची गोष्ट.

तुम्ही म्हणाल, सरकारच शेवटचा जामीनदार, मग प्रोग्रामच्या यादीत त्याचं नाव आधीपासून का नाही? सीसीएच्या साइटलासुद्धा एचटीटीपीएस लागतंच की, तिथे जामीन कोण? चांगला प्रश्न आहे. इथे २०१४ ची एक गोष्ट सांगायलाच हवी.

तेव्हा सीसीएचं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. म्हणजे विंडोजवरचं इंटरनेट एक्सप्लोरर आणि क्रोम दोन्ही त्याला मानायचे. फायरफॉक्सची यादी वेगळी, तिच्यात ते नव्हतं. २ जुलै २०१४ ला गूगलच्या लक्षात आलं की त्यांच्या स्वतःच्या पत्त्यांसाठी कुणीतरी परस्पर सर्टिफिकेटं काढलीत. ती निघाली होती आपल्या नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरकडून, ज्याला सीसीए जामीन होता. असं सर्टिफिकेट हाती असेल तर कुणीही मध्ये बसून "मीच गूगल" म्हणू शकतो आणि ब्राउजर मान डोलावतो. दुसऱ्याच दिवशी सीसीएने संबंधित मधली सर्टिफिकेटं रद्द केली. सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाला होता आणि चार सर्टिफिकेटं निघाली, असं सांगण्यात आलं. गूगलचं म्हणणं पडलं की त्या चारांच्या बाहेरचीही आमच्या माहितीत आहेत. मग क्रोमने ठरवलं की हा जामीनदार यापुढे गव्ह डॉट इन, निक डॉट इन अशा मोजक्या भारतीय पत्त्यांपुरताच मानायचा.

(पीडीएफच्या प्रोग्रामची यादी ब्राउजरच्या यादीपेक्षा वेगळी असते, त्यामुळे अण्णांच्या प्रश्नचिन्हाचा आणि या प्रकरणाचा थेट संबंध नाही. पण धडा एकच.) जामीनदाराची पत एकदा गेली की परत यायला वर्षं लागतात, मग तो गावातला असो नाहीतर दिल्लीतला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय ब्राउजर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा त्यात एक अट अशी होती की ब्राउजरने सीसीएचं रूट मानलं पाहिजे. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, झोहो पहिली आली. यादी दुसऱ्याच्या हातात असणं काय असतं, ते इतक्या वर्षांत सरकारलाही उमगलं म्हणायचं.

आता डोंगल. याला आपल्याकडे कुणी टोकन म्हणत नाही, डोंगलच. दादाच्या दुकानात ड्रॉवरमध्ये अशी डोंगलं एका डब्यात असायची. ठेकेदारांची, एखाद्या संस्थेच्या सचिवाची. प्रत्येकाला सेलोटेपने चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नाव. पिनसुद्धा त्याच चिठ्ठीवर! लोक विश्वासाने ठेवून जातात, कारण टेंडर भरायचं म्हणजे ड्रायव्हर टाका, ठरावीकच जावा टाका, असा खटाटोप. पूर्वी तर जावाची सुरक्षा कमी करून ठेवायला सांगायचे. आणि पिन ठरावीक वेळा चुकला की डोंगल लॉक होतं, ती भीती वेगळीच.

पण त्या डोंगलमध्ये काय असतं? ती गुप्त किल्ली. तिची नक्कल निघू नये म्हणून तर तिला त्या डबीत कोंडलेलं असतं. जिच्या हातात डबी आणि पिन, तिची सही. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करून तो दुकानात ठेवून जायला कुणी तयार होईल का? कायद्याच्या ४२ व्या कलमात स्पष्ट आहे की किल्लीवर ताबा राखायची काळजी सही करणाऱ्याने घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर विलंब न लावता कळवायचं. मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो जरा नाराज झाला. "ताई, माझ्यावर विश्वास न्हाई व्हय लोकांचा?" म्हटलं, "विश्वास आहे म्हणूनच. उद्या कुठल्या टेंडरात वाद झाला तर बोट कुणाकडे जाईल? चिठ्ठीवर अक्षर कुणाचं आहे?" संध्याकाळपर्यंत त्याने डबा रिकामा केला. आता ज्याची सही तो स्वतः येतो, पिन स्वतः टाकतो, चहा पितो आणि डोंगल खिशात घालून जातो. गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत, उलट चहाचा खर्च वाढला असं तो म्हणतो.

ब्लॉगवाल्या दोस्तांनो, आपलंही थोडं. २०१६ मध्ये ब्लॉगस्पॉटने सगळ्या ब्लॉगना एचटीटीपीएस दिलं तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी "आपल्या कवितांना कसली आलीय सुरक्षा" म्हणून दुर्लक्ष केलं. मग जुलै २०१८ मध्ये क्रोमने साध्या पत्त्यांवर "नॉट सिक्युअर" लिहायला सुरुवात केली आणि धावपळ उडाली. ज्यांनी स्वतःचं डोमेन घेतलंय त्यांनी एक लक्षात ठेवा. सर्टिफिकेटची मुदत आता लहान लहान होत चालली आहे. एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे ती टप्प्याटप्प्याने उतरत मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवसांवर येणार. हाताने नूतनीकरण करायचे दिवस संपत आले, होस्टिंगवाल्याला आत्ताच विचारून घ्या की ते आपोआप होतं का. आणि अजून एक. एचटीटीपीएस म्हणजे मधला रस्ता सुरक्षित, एवढंच. रस्त्याच्या टोकाला बसलेला दुकानदार सज्जन आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. चोरालाही सर्टिफिकेट मिळतं, फुकट मिळतं. लोकांनी कुलपाच्या चित्राचा भलताच अर्थ घेतला, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकलं.

शिराळ्याच्या माणसाला फणा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. नाग फणा काढतो तो चावायला नव्हे, पुढे येऊ नको सांगायला. धामण असेल तर ती निघून जाते, पण आधी नाग की धामण हे बघायचं, मग पाय टाकायचा. लाल पान आणि पिवळं चिन्ह यांच्याकडे आपण अजून तसं बघत नाही. ते आडवं आलेलं विघ्न वाटतं, आणि ते हटवणारा माणूस हुशार वाटतो.

तेव्हा काका, मामी, आत्या आणि समस्त मंडळी, लाल पान आलं तर "तरीही पुढे जा" दाबायच्या आधी तीन गोष्टी करा. कॉम्प्युटरची तारीख बघा. वरचा पत्ता एकेक अक्षर करून वाचा. दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या नेटवरून तेच पान उघडून बघा. तरीही लाल असेल तर पैशाचं काम त्या दिवशी राहू द्या आणि मला फोन करा. रात्री नऊनंतर केलात तर बरं, त्याआधी मी ऑफिसात हेच करत असते.